दाजींचं नाक आणि कांड्यांची भाजी

आमच्या दाजींच्या नाकाइतकं शहाणं नाक सगळ्या इंदापूर तालुक्यात झालं नाही, आणि त्यात बारामती तालुका धरला तरी माझं म्हणणं तेच राहील. दिसायला ते फार देखणं होतं अशातला भाग नाही. शेंड्याला जरासं चपटं, डाव्या अंगाला देवीचा एक व्रण, आणि मिशीवर असं टेकलेलं की जणू जेवून आडवं झालंय. पण एस.टी.त बसल्या बसल्या पुढच्या बाकावरच्या बाईच्या पिशवीत शेपू आहे की मेथी, आणि मेथी असली तर ती आज उपटलेली की काल, हे ते नाक सांगायचं. एकदा भिगवणच्या स्टँडवर दाजींनी एका अनोळखी माणसाला थांबवलं आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या डब्यातलं कालवण इटलंय. खाऊ नका." त्या माणसानं तिथंच डबा उघडला, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि दाजींकडं असा बघत राहिला की जणू ह्यांच्या अंगात आलंय. माझी बहीण शेजारीच उभी होती, ती लाजून अर्धी झाली. म्हणाली, "लोकांच्या डब्यात कशाला नाक घालायचं वो?" दाजी शांतपणे म्हणाले, "म्या न्हाय घातलं. वासच आला आपणहून माझ्याकडं, आलेल्याला नको म्हणायचं व्हय?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. डाळजला उजनीच्या पाण्याकाठी त्यांचं घर आणि जमीन. त्यांच्या आज्या-पणज्यांनी मेंढरं राखली, वडलांनी मेंढरं विकून ऊस लावला, आणि दाजी उठून फौजेत गेले. फौजेतून परतलेल्या माणसाला आमच्याकडं सरसकट मेजर म्हणतात, तसं त्यांनाही सगळं गाव मेजर म्हणायचं. पण फौजेत बाकीची माणसं बंदूक शिकून येतात, आमचे दाजी पालेभाजी शिकून आले. मेसमधे आचारी होते ना ते! तिथं त्यांच्या वर एक गोव्याचा म्हातारा आचारी होता. तो आतड्यात खिमा भरून सॉसेज करायचा आणि ते मूठमूठ पाल्यात शिजवायचा. तो म्हातारा ते डुकराचं करायचा. दाजींनी त्याची कला तेवढी घेतली आणि डुक्कर तिथंच ठेवून आले. नव्वदच्या आसपास पेन्शनीत निघून गावी आले तेव्हा एका लोखंडी ट्रंकेत गणवेश, दुसऱ्या ट्रंकेत ॲल्युमिनियमची ताटं, गळ्यात शिट्टी आणि डोक्यात ही एक भाजी, एवढीच त्यांची कमाई होती, आणि खरं सांगायचं तर ती त्यांना जन्मभर पुरली.

आता ह्यात अडचण एकच होती, आणि ती अडचण म्हणजे आमची आक्का. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी सासूच्या मागोमाग आक्कानं तुळशीची माळ घातली. दाजी तेव्हा तिकडं कुठं सरहद्दीवर. सुट्टीला आले तर बायकोच्या गळ्यात माळ, घरातनं मटण हद्दपार, आणि मटणाची पातेली गोठ्यात उलटी टांगलेली. पेन्शनीत आल्यावर त्यांनी घराच्या मागं, लिंबाखाली, तीन दगडांची चूल मांडली, वर पत्र्याचं छप्पर टाकलं आणि त्याला नाव दिलं 'मेस'. घर आणि मेस ह्यांच्या मधे धुण्याचा दगड होता. आक्कानं सांगून टाकलं, "ह्या दगडाच्या पल्याड मी येणार न्हाय, आन् पल्याडचं भांडं अल्याड येणार न्हाय." झाली सरहद्द. सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही, एकादशी नाही, श्रावण तर आख्खाच नाही. उरलेल्या दिवसांत दाजींनी आपलं राज्य चालवायचं, जेवण झालं की दगडावर अंघोळ करायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. हे सगळं दाजी फौजेतल्या हुकमासारखं पाळायचे. मेस पेटली की आक्का मागचं दार धाडकन लावून घ्यायची. खिडकीची फळी तेवढी उघडी राहायची, कारण ती म्हणे पावसानं फुगली होती आणि लागत नव्हती. आणि नवल असं की दार बंद असूनसुद्धा, भाजी उतरायच्या वेळेला धुण्याच्या दगडावर कढत पाण्याची बादली बरोब्बर येऊन बसलेली असायची. मी एकदा दाजींना म्हटलंही, "आक्काला कसं हो कळतं?" तर म्हणाले, "मेव्हणीबाई, बंब तिच्या ताब्यात हाय. आपण कशाला इचारायचं?"

पण त्यांच्या मनात एक होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सगळं डाळज त्या भाजीची वाहवा करायचं, पार लोणी देवकरच्या कारखान्यातली त्यांची जुनी दोस्तमंडळी सायकली मारत यायची. दाजींना मात्र वाहवा हवी होती एकाच माणसाची, आणि ते माणूस त्या भाजीला जन्मात हात लावणार नव्हतं. दर वेळी पातेलं उतरवलं की ते बंद दाराकडं तोंड करून विचारायचे, "कसं झालंय गं?" आणि आतून उत्तर यायचं, "मला काय ठावं? माळकरी बाईला इचारत्यात व्हय असलं?" दाजी हसून मान हलवायचे. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मी म्हणायची, दाजी, कशाला भिंतीवर डोकं आपटता? तर म्हणायचे, "फौजेत रोज संध्याकाळी नाव पुकारत्यात. गैरहजर असला तरी पुकारायचंच असतंय."

भाजीचं सांगते. आपण बायका पालेभाजी म्हणजे काय करतो? एक जुडी घेतो, चिरतो, फोडणीत टाकतो, झालं. दाजींच्या लेखी हा गुन्हा होता. उन्हाळ्याच्या तोंडाला धरणाचं पाणी मागं सरकलं की काठाला काळाभोर गाळ उघडा पडतो. त्या गाळात बाकीचे लोक भुईमूग, गुरांना कडवळ करायचे, दाजी पालेभाज्या लावायचे, आणि हिवाळ्यातल्या भाज्यांसाठी विहिरीजवळ वेगळे वाफे. चाकवत, चुका, अंबाडी, राजगिरा, करडई, हरभऱ्याचे कोवळे शेंडे. सकाळी दव उडायच्या आत वाफ्यात उकिडवे बसून ते एकेक पान खुडायचे आणि प्रत्येकाचा वास घ्यायचे. मला म्हणायचे, "चाकवत अंगानं जाड, चुका जिभेनं तिखट आन् अंबाडी हट्टी. ह्या तिघींना एका पातेल्यात नांदवायचं म्हणजे सासूचं काळीज पायजे." पाला तीन पाण्यांतून काढायचा, आणि तिसरं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उन्हाला धरून बघायचं. त्यात मातीचा एक कण दिसला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा बारामतीला माझ्याकडं आले आणि मी मेथी निवडत होते. एकाच पाण्यातून काढली हे त्यांनी बघितलं. मग जेवताना इतक्या सावकाश चावत होते, इतक्या सावकाश, की शेवटी मीच वैतागून म्हटलं, "दाजी, खडा लागला का?" म्हणाले, "अजून न्हाय. वाट बघतोय."

आणि सॉसेज! गावात त्याला कुणी सॉसेज म्हटलं नाही. वीतवीतभर भरून, पीळ घालून पेर पाडलेली ती लांबलचक माळ बघितली की ऊसवाल्या माणसांना दुसरं काय आठवणार? सगळे कांड्याच म्हणायचे. दाजी बोकडाचं आतडं आणायचे, ते उलटं करून मीठ आणि ज्वारीचं पीठ लावून असं चोळायचे की धोब्यानं बघून शिकावं. मांडीचं मटण ओंडक्यावर ठेवून सत्तुरानं बारीक करायचे, त्यात चरबी, लसूण, कांडलेली मिरची, धने. गोव्याचा म्हातारा शिरका घालायचा, तर दाजींनी उसाचा रस मडक्यात आंबवून स्वतःचा शिरका केला. मग नरसाळ्यातून भरणी. ते नरसाळं म्हणजे दाजींचं दैवत. एकदा लाईट गेली आणि आमच्या ह्यांनी दिसेल ते नरसाळं घेऊन कंदिलात रॉकेल भरलं. पुसून, धुऊन, गुपचूप जागेवर ठेवलं. सकाळी दाजी मेसमधे शिरले ते दारातच थांबले. नरसाळ्याला हातसुद्धा लावला नव्हता, लांबूनच म्हणाले, "साडूभाऊ, हे तुमी काय केलं?" मेलेलं पाखरू उचलावं तसं त्यांनी ते दोन हातांवर उचललं आणि विहिरीवरच्या इंजिनात डिझेल ओतायला देऊन टाकलं. नवं आणलं, त्यावर तांबड्या रंगानं 'मेस' असं लिहिलं, आणि आमच्या ह्यांना शिक्षा म्हणून टोपलीभर लसूण सोलायला बसवलं. आमचे हे घरात पाण्याचा तांब्या स्वतः घेत नाहीत. पण तिथं मुकाट्यानं लसूण सोलत होते.

पहिल्या पहिल्यांदा गावात कुजबुज उठली की मेजर फौजेतनं डुकराचं खायला शिकून आलाय आणि आता गावाला बाटवतोय. शेजारचे तात्या ह्यात सगळ्यांत पुढं. तात्या म्हणजे दाजींच्या बरोबरीचेच, तेही मेंढरं राखणाऱ्यांच्याच घरातले, बोकडाच्या दातांवरून त्याचं वय सांगणारे. दाजींनी काय करावं? तात्यांनाच बोकड निवडायला लावलं. मग कापताना समोर बसवलं, धुताना आतड्याचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, भरताना दुसरं टोक दिलं, आणि कांड्या धुरावर टांगल्यावर त्यांच्याखाली बाज टाकून म्हणाले, "तात्या, हितंच पडा. नजर हलवू नका. रातीत डुक्कर येऊन शिरलं तर जबाबदारी तुमची." तात्यांनी खरोखर राखण केली! आणि मग भाजी झाली, ताटात पडली. तात्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, भाकरीनं ताट पुसलं, बोटं चाटली आणि म्हणाले, "मेजर, आता डुकराचं असलं तरी लई उशीर झाला हाय." त्या दिवसापासून तात्या मेसचे पहिले भिडू.

एका वर्षी मांजरं फार झाली म्हणून दाजींनी कांड्या आक्काच्या जुन्या तांबड्या खणात गुंडाळून लिंबाच्या उंच फांदीला बांधल्या. दुपारी आक्काच्या भजनातल्या बाया आल्या. त्यांनी झाडाला बांधलेलं तांबडं गाठोडं बघितलं आणि त्यांना वाटलं, कुणाचा तरी नवस आहे. एकीनं हात जोडले. दुसरीनं खोडाला हळदीकुंकू लावलं. तिसरीनं विचारलं, "आक्का, कशाचा वो नवस?" आक्काला खोटं बोलता येईना आणि खरं सांगवेना. ती नुसती म्हणाली, "ह्यांचा हाय." बाया गहिवरल्या. म्हणाल्या, मेजर वरनं तसा दिसतो, पण आतून भाविक आहे बघा. त्या गेल्यावर आक्का दगडापाशी येऊन ओरडली, "काढा ते आधी! माझ्या देवानं काय म्हणावं?" दाजी फांदीवर चढता चढता म्हणाले, "अगं, कुंकू लागलं आता. आजपातूर त्या कांड्या हुत्या, आता सवाष्णी झाल्या." तीन दिवस आक्का त्यांच्याशी बोलली नाही. पाण्याची बादली मात्र आली.

मेसचे नियम कडक. भाजीत डाळ-शेंगदाणे घालून पाला रवीनं गरगटायचा, कांड्यांना बाभळीच्या काट्यानं टोचे मारून त्यांच्याच चरबीत तांबूस करायच्या, आणि मग दाजी पातेल्यावर वाकून वाट बघत उभे राहायचे. कशाची? वास फिरायची. चुक्याचा आणि अंबाडीचा सुरुवातीला एक कच्चा, हिरवा, दात आंबवणारा वास येतो. शिजता शिजता एका क्षणाला तो वास फिरतो, म्हणजे गोडसर, खमंग, भाजलेल्या शेंगेसारखा होतो. तो क्षण चुकवून आधी कांड्या टाकल्या तर भाजी आंबट राहते, नंतर टाकल्या तर कांडी कातडं होते. दाजी झाकण उचलायचे, नाक वर करायचे, डोळे मिटायचे. आम्ही सगळे श्वास धरून. आणि मग ते एकच शब्द बोलायचे, "फिरला." कांड्या पडायच्या, थोड्या वेळात शिट्टी वाजायची आणि सगळ्यांनी ॲल्युमिनियमचं ताट घेऊन ओळीत उभं राहायचं. ओळ मोडली की वाढप बंद. एकदा सरपंच पुढं घुसले तर दाजींनी त्यांनाही सगळ्यांच्या मागं पाठवलं. सरपंच म्हणाले, "मेजर, मी सरपंच हाय." दाजी म्हणाले, "व्हय की. म्हणून तर शेवटी. खालचं घट्ट तुमच्याच वाट्याला येणार." आणि मी खरंच सांगते, तसलं खालचं घट्ट मी कुठल्या लग्नाच्या पंगतीत खाल्लेलं नाही. बाजरीची गरम भाकरी, त्यावर ती हिरवी दाट भाजी, मधे कांडीची चकती, आणि तिची चरबी पाल्यात उतरलेली. दुसरं काहीही मागावंसं वाटायचं नाही.

आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी दाजी लुनावरून पडले. मागं पाल्याचं पोतं, खाली निसरडं, मागच्या मागं आपटले आणि डोकं दगडावर. बारामतीच्या दवाखान्यात काही दिवस होते, मग आमच्याच घरी आराम करायला आणले, आक्काही सोबतीला होती. टाके सुकले, बोलणं पहिल्यासारखं, चेष्टा पहिल्यासारख्या. आम्ही म्हटलं, सुटलो. एक दिवस मी दारात भाजीवालीशी बोलत होते, दाजी स्वयंपाकघरात स्टोव्हशेजारी पेपर वाचत बसलेले. स्टोव्हवर दूध. मला दारापर्यंत करपल्याचा वास आला म्हणून धावत गेले, तर दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळंठिक्कर, खोलीत धूर, आणि दाजी निवांत पेपर वाचतायत. मी ओरडले, "दाजी!" त्यांनी वर बघितलं. धूर दिसला. पातेलं दिसलं. आणि मग त्यांनी हळूच आपल्या नाकाला हात लावून बघितला, जागेवर आहे ना म्हणून. नाक जागेवरच होतं. आत वास घेणारं कुणी उरलं नव्हतं फक्त. डॉक्टर म्हणाले, मार लागून होतं असं, येईल तर येईल, नाही तर नाही. दाजी मला म्हणाले, "आक्काला सांगू नका." पण आक्का दाराआडच उभी होती.

डाळजला परत गेल्यावर त्यांनी मेसला हात लावला नाही. वाफे तसेच, चाकवत माजून कमरेला लागला. तात्या रोज येऊन बसायचे, "मेजर, आवंदा कधी?" म्हणायचे. दाजी म्हणायचे, "नाक न्हाय तर मेस न्हाय. आंधळ्यानं ट्रॅक्टर चालवावा का?" खायचेही असं की जणू कागद चावतायत. जिभेला मीठ कळायचं, तिखट कळायचं, पण बाकी सगळं सपाट. माणूस बारीक व्हायला लागला. आक्कानं त्यांच्या आवडीचं सगळं करून बघितलं, पिठलं, शेंगोळी, पुरणपोळीसुद्धा. ते म्हणायचे, "ब्येस हाय," आणि ताट सरकवायचे. कधी नव्हे तो आक्कानं मला बूथवरनं फोन केला. म्हणाली, "धाकटे, येत्या ऐतवारी तुमी दोघं या. तात्यांना बोकडाचं सांगितलंय मी." मी म्हटलं, "तू? तू सांगितलंस?" तर म्हणाली, "कानात काय बोळं घातलंय व्हय तुझ्या?" आणि फोन ठेवून दिला.

त्या रविवारी तात्यांनी आतडं आणि मटण आणून चुलीपाशी ठेवलं, आमच्या ह्यांनी न सांगता लसूण सोलायला घेतला, मी पाला तीन पाण्यांतून काढला आणि तिसरं पाणी ग्लासात घेऊन दाजींच्या पुढं धरलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग उठले. हात काहीच विसरले नव्हते. भरणी झाली, पीळ पडले. कांड्या ताज्याच टाकायच्या ठरल्या, धुरावर टांगायला कुणाला धीर होता? पातेलं चढलं, पाला खाली बसला, रवी फिरली, कांड्या तांबूस होऊन तयार झाल्या. आणि दाजी झाकण उचलून पातेल्यावर वाकले. नाक वर केलं. डोळे मिटले. आम्ही श्वास धरला.

काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा श्वास घेतला, खोल. तोंडावर वाफ आली, घाम आला. तात्या म्हणाले, "मेजर, टाका आता, झालं आसंल." मी म्हटलं, "नाही हो, अजून हिरवट येतोय." आमचे हे म्हणाले, "मला तर नुसता लसणाचाच येतोय," आणि त्यांच्या बोटांना दुसरा कसला येणार? दाजींनी हातातली कांड्यांची परात खाली ठेवली. ते म्हणाले, "उतरवा. जाऊ द्या. माती व्हायची."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. मेस पेटलेली असताना ते दार उघडलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. आक्का बाहेर आली. चालत आली ती धुण्याच्या दगडापर्यंत, आणि त्या दगडावर आमच्याकडं पाठ करून बसली. पदर सारखा केला. गळ्यातली माळ पदराखाली झाकली. आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "अजून न्हाय."

चुलीत लाकूड फुटलं. मग ती म्हणाली, "जाळ लई हाय. एक लाकूड वढा भाईर." दाजींनी लाकूड ओढलं. "अजून न्हाय... खाली लागाय लागलंय, पळी फिरवा." दाजींनी पळी फिरवली. तात्या तोंड उघडून बघत होते. आक्कानं मान थोडी वर केली, अगदी जशी दाजी करायचे तशी, आणि म्हणाली, "फिरला. टाका."

दाजींनी परात रिकामी केली. झाकण ठेवलं. मग ती सांगेल तेव्हा काढलं. भाजी उतरली. शिट्टी गळ्यात होती, पण ती वाजवायची त्यांना आठवण राहिली नाही. ते पळी हातात घेऊन तिच्या पाठीकडं बघत उभे राहिले आणि नेहमीचं विचारलं, पण आवाज नेहमीचा नव्हता. "कसं झालंय गं?"

आक्का उठली. जाता जाता, मागं न बघता म्हणाली, "गेल्या सालासारखं झालंय." दारापाशी थांबली आणि पुढं म्हणाली, "त्याच्या आदल्या साली चुका जास्ती पडला हुता तुमचा." आणि दार लावून घेतलं. धाडकन नाही, हळू.

दाजी मटकन त्याच दगडावर बसले. तात्यांनी विचारलं, "मेजर, काय झालं?" दाजींनी हातानंच खूण केली, वाढून घ्या म्हणून. ओळ नाही, काही नाही. त्या दिवशी ज्याला जसं जमेल तसं घेतलं आम्ही. दाजींनीही खाल्लं, दोन भाकरी. चव लागत होती का नव्हती, कुणी विचारलं नाही.

त्यानंतर दाजी बरीच वर्षं होते, आणि दर हिवाळ्याला मेस पेटायची. आक्का दगडावर पाठ करून बसायची, ना कधी दगड ओलांडला, ना कधी माळेला बट्टा लावला. नाक काही परत आलं नाही. दाजी म्हणायचे, "आलं तरी आता सांगणार न्हाय मी."

आता दाजी नाहीत. मागच्या हिवाळ्यात मी डाळजला गेले होते. म्हटलं, एकदा करून बघू आपण. तात्यांच्या नातवानं कांड्यांचं सगळं आणून दिलं, मी नरसाळं शोधून काढलं, तांबडी अक्षरं अजून होती. आक्काला आता गुडघ्यांमुळं बाहेर यायला होत नाही, ती आत खाटेवर पडून होती. मी लिंबाखाली चूल पेटवली, आणि धूर आत जाऊन तिला खोकला नको म्हणून आधी मागचं दार लावलं आणि मग खिडकीची ती फुगलेली फळी ढकलून बघितली. एका बोटानं लागली. इतकी वर्षं कुणी ती लावूनच बघितली नव्हती.

आतून आक्काचा आवाज आला, "धाकटे, ती उघडी असू दे."